जखमेतून आलेला वारसा

मत्तयच्या शुभवर्तमानातील वंशावळ दरवर्षी १७ डिसेंबरच्या मिस्सामध्ये वाचली जाते. अब्राहामापासून योसेफापर्यंत नावांमागून नावे येत राहतात आणि श्रोत्यांचे लक्ष हळूहळू नाताळच्या तयारीकडे वळते. तरीही या रुक्ष वाटणाऱ्या यादीत शुभवर्तमानकाराने मोठे धाडस केलेले आहे. वंशावळीत स्त्रियांची नावे घालण्याचा सहसा प्रघात नसताना त्याने मरियेच्या आधी चार स्त्रियांचा उल्लेख केला. सासऱ्याने नाकारलेला न्याय आडमार्गाने मिळवणारी तामार, यरीहोची वेश्या राहाब, परक्या मवाब देशातील रूथ. आणि चौथी, जिचे नावही त्याने लिहिलेले नाही. ती केवळ उरीयाची बायको आहे. दावीद राजाने तिला आपल्या वाड्यात आणवले आणि तिच्या नवऱ्याला लढाईच्या आघाडीवर पाठवून मारवले. शलमोन हा त्या दोघांचा मुलगा. राजाचा अपराध झाकायचा असता तर बथशेबा एवढे नाव लिहून भागले असते. मत्तयने मारल्या गेलेल्या नवऱ्याचे नाव तारणाऱ्याच्या वंशावळीत कायमचे नोंदवून ठेवले.

वारशाविषयी विचार करताना आम्हांला हे उदाहरण मूलभूत वाटते. आपल्याला मिळालेला वारसा कोणावर तरी झालेल्या अन्यायातून आलेला असेल, तर त्याचे आपण काय करावे? तो टाकून द्यावा, तर आपण स्वतःलाच टाकतो. कारण आपली भाषा, आपली श्रद्धा, आपले आडनाव त्याच वारशाने घडवलेले असते. तो जसाच्या तसा मिरवावा, तर ज्यांच्या दुःखावर तो उभा राहिला त्यांचा आपण दुसऱ्यांदा अपमान करतो. वसईच्या, मुंबईच्या, गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न नवा नाही. मात्र स्वतःच्या घरातील प्रश्नाकडे पाहताना नजर स्थिर राहत नाही. राग, लाज आणि अभिमान आड येतात. म्हणून प्रथम आपण दूरच्या एका घराकडे, एका संगीतकार स्त्रीच्या कामाकडे पाहू आणि मग आपल्या अंगणात परत येऊ.

गॅब्रिएला लीना फ्रँक यांचा जन्म १९७२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, बर्कली या गावी झाला. वडील लिथुआनियातून आलेल्या ज्यू घराण्यातले. आई पेरू देशातली आणि तिच्याही पूर्वजांत चिनी रक्ताचा अंश. जन्मतःच त्यांची श्रवणशक्ती फार क्षीण होती. श्रवणयंत्राच्या आधारे त्या वाढल्या. अशा मुलीने पियानोची वाट धरली, ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात संगीताचे शिक्षण घेतले आणि २००१ साली मिशिगन विद्यापीठातून संगीतरचनेची डॉक्टरेट मिळवली. आज अमेरिकेतील आघाडीच्या अभिजात संगीतकारांत त्यांची गणना होते. २००९ साली त्यांना लॅटिन ग्रॅमी पुरस्कार मिळाला, २०२० साली हाइन्झ पुरस्कार मिळाला.

पाश्चात्त्य अभिजात संगीताची रीत आपल्याहून वेगळी आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आपला गवई राग मैफलीतच फुलवतो. त्या परंपरेत संगीतकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर आधी कागदावर लिहितो आणि वादक तो वाचून वाजवतात. ही लेखनपद्धती युरोपातील मठांत आणि देवळांत वाढली व राजदरबारांत प्रौढ झाली. साहजिकच, जिच्या आईचे मूळ पेरूत आहे अशा संगीतकाराने या पद्धतीत लिहायला बसावे, तेव्हा तिच्या एका हातात जेत्यांची लेखणी असते आणि दुसऱ्या हातात पराभूतांचे गाणे असते. दोन्ही हात तिचेच.

फ्रँक यांच्यापुढे या बाबतीत दोन आदर्श होते. हंगेरीचे बेला बार्तोक विसाव्या शतकाच्या आरंभी फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्यांची गाणी त्यांनी स्वतःच्या रचनांत मुरवली. अर्जेंटिनाचे आल्बेर्तो हिनास्तेरा यांनी आपल्या भूमीतील नृत्यांचे ठेके वाद्यवृंदात आणले. फ्रँक यांनीही दक्षिण अमेरिकेत पुष्कळ प्रवास केला. तेथील कविता, पुराणकथा, लोकवाद्ये व नृत्ये यांचा अभ्यास केला. हा तपशील साधा दिसतो, पण नैतिक दृष्ट्या त्याला वजन आहे. बर्कलीत जन्मलेल्या स्त्रीचा अँडीज पर्वतातील धनगराच्या पाव्यावर काय अधिकार, असा प्रश्न कोणीही विचारू शकतो. आई पेरूची आहे, एवढे उत्तर पुरेसे नाही. रक्ताने मिळतो तो फक्त नात्याचा दाखला. नाते निभवायचे तर वाट तुडवावी लागते, म्हाताऱ्या माणसांसमोर बसून ऐकावे लागते आणि आपल्याला येत नाही ते शिकावे लागते.

त्या शिकण्याचे फळ ‘लेयेन्दास: ॲन अँडियन वॉकअबाउट’ या २००१ सालच्या रचनेत पाहायला मिळते. ही रचना स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो या मेळासाठी लिहिलेली आहे. तिचे सहा भाग आहेत. एका भागाला तोयो या पॅनपाइपचे नाव आहे. हे वाद्य इतके मोठे असते की ते वाजवायला छातीत दमच हवा. दुसऱ्या भागात तार्का येते. ही जाड लाकडी बासरी इतक्या जोराने फुंकतात की तिचा स्वर फाटून दोन होतो. एक भाग चास्कीचा आहे. चास्की म्हणजे इंका साम्राज्याचा निरोप्या, जो डोंगरवाटांनी धावत एका गावाचा निरोप दुसऱ्या गावी पोहोचवी.

विशेष म्हणजे यांपैकी एकही वाद्य या रचनेत प्रत्यक्ष वाजत नाही. पेरूचा पावा मंचावर आणून मागे व्हायोलिनची साथ ठेवणे सोपे होते. श्रोत्यांना ते नवलाईचे वाटले असते. फ्रँक यांनी ते केले नाही. त्यांनी व्हायोलिनलाच बदलायला लावले. तार्का वाजवणाऱ्यांचे मेळ चौथ्या आणि पाचव्या स्वराच्या अंतराने समांतर चालतात. पाश्चात्त्य हार्मनीच्या पाठ्यपुस्तकात समांतर पाचवा स्वर लिहिणे ही विद्यार्थ्याची चूक मानली जाते. म्हणजे एका घरात जी चूक, तीच दुसऱ्या घरात रीत. फ्रँक यांच्या हाताखाली युरोपचे शालीन वाद्य आपले घोटीव माधुर्य बाजूला ठेवते, खरखरते, धापा टाकते, डोंगरवाऱ्याचा आवाज काढते. पाहुण्याला आपल्या कोचावर अवघडून बसवण्याऐवजी यजमानाने स्वतः त्याच्यासोबत जमिनीवर मांडी घालावी, तसे हे आहे. एका संस्कृतीने दुसरीचा मान राखायचा तर तो असाच राखता येतो, असे आम्हांला वाटते.

याच रचनेतील एक भाग साम्पोन्या या पॅनपाइपवर आधारलेला आहे. अँडीजमध्ये या वाद्याची जोडी असते. एका वादकाजवळ सप्तकातले एकाआड एक स्वर असतात, दुसऱ्याजवळ उरलेले. एकट्याला कोणतीच चाल पुरी वाजवता येत नाही. एकाने एक स्वर फुंकायचा, दुसऱ्याने पुढचा, आणि दोघांच्या मधल्या हवेत गाणे तयार होते. फ्रँक यांच्या वारशाची स्थिती काहीशी अशीच आहे. आईकडच्या स्वरांनी अर्धी चाल येते, वडिलांकडच्या स्वरांनी अर्धी. एक अर्धे फेकून दिले, तर उरलेले शुद्ध होत नाही, अपुरे राहते.

आपल्या या भूमिकेसाठी फ्रँक पेरूचे लेखक होसे मारिया आर्गेदास यांचा आधार घेतात. १९११ साली जन्मलेल्या आर्गेदास यांचे बालपण केचुआ भाषा बोलणाऱ्या घरगड्यांच्या मायेत गेले. पुढे ते मानववंशशास्त्रज्ञ झाले आणि त्यांनी स्पॅनिश व केचुआ अशा दोन्ही भाषांत लेखन केले. त्यांच्या विचारातील मेस्तिसाहे, म्हणजे संस्कृतींचे मिश्रण, ही कल्पना अशी की अनेक संस्कृती एकत्र नांदाव्यात, पण एकीने दुसरीला अंकित करू नये. ही अट महत्त्वाची आहे. कारण मिश्रण हा शब्द गोड असला तरी निरागस नाही. मेक्सिकोसारख्या देशांत विसाव्या शतकातील राज्यकर्त्यांनी मिश्र राष्ट्राचा पुष्कळ गौरव केला. पण त्या गौरवाच्या आड मूळ रहिवाशांच्या भाषा शाळांतून हद्दपार झाल्या आणि आम्ही सारे मिश्रच आहोत असे म्हणून त्यांचे वेगळे दुःख गिळून टाकले गेले. आर्गेदास यांची अट विसरली की मिश्रण हे विजयाचेच सभ्य नाव ठरते.

आणि त्या विजयाचा इतिहास आपण ख्रिस्ती माणसांनी डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे. १५३२ साली काहामार्का येथे फ्रान्सिस्को पिसारोने इंका राजा आताहुआल्पा याला कैद केले. सुटकेसाठी राजाने सोन्याचांदीचे ढीग दिले, तरीही १५३३ साली त्याला मृत्युदंड फर्मावण्यात आला. जिवंत जाळण्याऐवजी गळा आवळून मारले जावे, एवढ्या सवलतीसाठी मरणाच्या दारात त्याने बाप्तिस्मा घेतला. ज्या पाण्याने आपल्या मुलांना आपण परमेश्वराच्या कुटुंबात घेतो, तेच पाणी तेथे फाशीच्या खांबाशी वापरले गेले. हे वाचून ज्याच्या मनात काही हलत नाही, त्याने संस्कृतीच्या संगमावर बोलू नये. त्याच काळात बार्तोलोमे दे लास कासास यांच्यासारखे डॉमिनिकन धर्मगुरूही होते, ज्यांनी मूळ रहिवाशांच्या बाजूने राजाशी आयुष्यभर वाद मांडला आणि ज्यांच्या खटपटीमुळे १५४२ साली स्पेनला नवे कायदे करणे भाग पडले. पण एका लास कासासचे नाव पुढे करून साऱ्या काहामार्काचे पाप धुऊन निघत नाही.

अशा इतिहासातून आलेली श्रद्धा लोकांनी पुढे काय केली? ‘लेयेन्दास’मधील पाचवा भाग या प्रश्नाजवळ येतो. त्याचे नाव ‘कान्तो दे वेलोरियो’, म्हणजे मृताच्या उशाशी रात्र जागवताना म्हणायचे गाणे. अँडीजमध्ये अशा प्रसंगी योरोना, म्हणजे रडण्यासाठी बोलावलेली स्त्री, शोक करते आणि इतर बायका तिला साथ देतात. ही स्त्री बहुधा केचुआ व स्पॅनिश अशा मिश्र वंशाची असते आणि तिच्या विलापात केचुआ लोककथांच्या ओळी व ख्रिस्ती प्रार्थना एकमेकींत मिसळून जातात. म्हणून फ्रँक यांनी या भागात ‘दिएस इरे’ची चाल गुंफली आहे.

‘दिएस इरे’ हे अंतिम न्यायाच्या दिवसाचे मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र आहे. त्याच्या रचनेचे श्रेय परंपरेने संत फ्रान्सिस यांचे चरित्रकार थॉमस ऑफ सेलानो यांना देण्यात येते. शतकानुशतके ते मृतांच्या मिस्सामध्ये गायले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या उपासनासुधारणेत ते त्या मिस्सातून वगळण्यात आले. बर्लिओझ, लिस्ट, रॅख्मानिनॉव्ह यांच्यासारख्या युरोपीय संगीतकारांनी मृत्यूचे भय दाखवण्यासाठी तिची चाल वापरली. फ्रँक यांच्या रचनेत मात्र ती डोंगरातल्या एका बाईच्या तोंडी येते, आणि तेथे तिचे काम बदलते. न्यायाच्या दिवसाचे हे गीत ज्यांनी समुद्रापलीकडून आणले, त्यांनी ते पराभूतांना दरारा बसावा म्हणून आणले असेलही. पण न्यायाचा दिवस सर्वांसाठी असतो. ज्या बाईच्या पूर्वजांचे राज्य बुडाले, ती न्यायाचे गाणे गाते तेव्हा त्या दिवशी पिसारोलाही उभे राहावे लागणार आहे. जेत्यांनी आणलेली प्रार्थना जेत्यांच्या ताब्यात राहिली नाही.

येथून फ्रँक यांच्या ‘कॉन्क्वेस्ट रेक्विएम’ या मोठ्या रचनेकडे सहज जाता येते. २०१७ साली ह्यूस्टन सिंफनीने ती आंद्रेस ओरोस्को-एस्त्रादा यांच्या संचालनाखाली प्रथम सादर केली. सोप्रानो, बॅरिटोन, गायकवृंद आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी ती लिहिलेली आहे. तिचे शब्द तीन झऱ्यांतून येतात: मृतांच्या मिस्साचे लॅटिन पाठ, मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतील कविता आणि क्यूबात जन्मलेले नाटककार नीलो क्रूस यांनी स्पॅनिशमध्ये लिहिलेला नवा मजकूर. सोप्रानोचा आवाज मालिन्चेचा आहे. बॅरिटोनचा आवाज तिच्या मुलाचा, मार्तीनचा.

मालिन्चे कोण? १५१९ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एर्नान कोर्तेसला पराभूत सरदारांनी वीस दासी नजराणा म्हणून दिल्या. त्यांतली ही एक. तिला बाप्तिस्मा देऊन मारिना हे नाव ठेवण्यात आले. तिला नाहुआत्ल आणि माया अशा दोन भाषा येत होत्या, स्पॅनिश ती लवकर शिकली; आणि ही दासी कोर्तेसची दुभाषी झाली. १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान हे अझ्टेकांचे महानगर पडले. पुढे तिला कोर्तेसपासून मुलगा झाला. मेक्सिकोत आजही स्वकीयांशी द्रोह करून परक्यांची तळी उचलण्याला तिच्या नावावरून शब्द आहे. आणि तेच लोक दुसऱ्या श्वासाला तिला मिश्र राष्ट्राची आई म्हणतात. जिला लहानपणीच गुलाम म्हणून देऊन टाकण्यात आले, तिच्याकडून कोणत्या स्वकीयांशी निष्ठेची अपेक्षा करायची, हे मात्र फार थोडे विचारतात.

‘कॉन्क्वेस्ट रेक्विएम’ तिला निर्दोष ठरवत नाही आणि दोषीही ठरवत नाही. ती तिच्यासाठी आणि त्या सगळ्या मृतांसाठी मिस्सा मागते. येथे एक गंभीर आक्षेप येतो. ज्या भाषेत विजेत्यांनी आपल्या विजयाचे आभार मानले त्याच लॅटिन प्रार्थनेत पराभूतांचा शोक करणे, हा पुन्हा एकदा त्यांचा पराभव नव्हे काय? आम्ही हा आक्षेप हलका मानत नाही. पण रेक्विएम या प्रार्थनेचे स्वरूप पाहिले तर उत्तराची दिशा सापडते. मृतांचा मिस्सा कोणाचे मोठेपण गात नाही. राजा असो वा गुलाम, तेथे प्रत्येकजण रिकाम्या हातांनी उभा असतो आणि दया मागतो. जेत्याच्या साऱ्या प्रार्थनांमध्ये ही एकच प्रार्थना अशी आहे, जी म्हणताना त्याला तलवार खाली ठेवावी लागते. फ्रँक यांनी तीच निवडली आणि तिच्या शेजारी नाहुआत्ल शब्दांना समान आसन दिले. लॅटिन शब्द नाहुआत्लची जागा घेत नाहीत. त्यांना तिच्यासोबत शोक करावा लागतो. मार्तीनसारख्या मुलाच्या मुखी दुसरे कोणते गाणे शोभले असते? त्याला बापाचा धिक्कार करून सुटता येत नाही आणि आईला विसरून जगता येत नाही.

आता आपण आपल्या अंगणात येऊ. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. कोणी मिशनऱ्यांच्या सेवेने भारावून, कोणी दुष्काळात आसरा मिळाला म्हणून, कोणी नोकरीच्या आशेने, कोणी भयाने. त्याच काळात या भागातील देवळे पाडली गेली. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले. १६८४ साली व्हाइसरॉयने लोकांना आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. हे सांगताना आपल्यातील काही जणांना संकोच वाटतो, कारण आपल्या विरोधकांच्या हाती आपणच कोलीत देतो असे त्यांना वाटते. दुसऱ्या बाजूला, पोर्तुगीज आडनाव आणि जुन्या वाड्याचे दगड यांचाच अभिमान धरणारेही आपल्यात आहेत. मत्तयची वंशावळ या दोघांनाही उपयोगी पडावी. तारणाऱ्याच्या घराण्यातील अपराध लिहून ठेवल्याने तारणारा लहान झाला नाही.

खरे तर १७३९ नंतर काय घडले, हेच आपल्या वारशाचे मर्म आहे. पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्यासोबत भय गेले आणि आशाही गेली. ख्रिस्ती राहण्यात आता कोणताच फायदा नव्हता. तरी वाडवळ, सामवेदी, कोळी कुटुंबांतील माणसे ख्रिस्ती राहिली. भाषा मराठीच्या बोली, लुगडे इथले, लग्नातील बायकांची गाणी इथली आणि गळ्यात क्रूस. जे कधी लादले गेले असेल, ते त्या दिवसापासून त्यांनी स्वतः उचलले. अँडीजमधील शोक करणाऱ्या बाईने परक्या स्तोत्राचे जे केले, तेच आपल्या आज्यांनी केले.

ज्या परदेशी माणसाने या भूमीचा मान राखला, त्याचे स्मरणही येथे उचित होईल. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचे हे काव्य लिहिताना त्यांनी मराठीला लॅटिनच्या साच्यात कोंबले नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी त्यांनी आपलीशी केली, तिची चाल शिकून घेतली आणि शुभवर्तमान तिच्या चालीने चालवले. बळजबरीच्या त्या काळात त्याच सत्तेच्या छायेत राहणाऱ्या माणसाला हे सुचले, यावरून काळ वाईट होता ही सबब प्रत्येकाला पुरत नाही, हेही लक्षात येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात प्रत्येक जनसमूहाच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले. फादर स्टीफन्स यांनी ते साडेतीनशे वर्षे आधी आचरले होते.

आणि आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया? त्यांचे वडील पोर्तुगीज, आई येथली. मेक्सिकोच्या भाषेत ते मेस्तिसो. गोव्यात त्यांना मेस्तीस म्हटले असते. मालिन्चेप्रमाणेच तेही दुभाषी होते: जपानी भाषा उत्तम येत असल्याने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत ते जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर देण्यात आले. त्यांत आपले गोन्सालो होते, आणि मेक्सिको शहरात जन्मलेले फेलिपे दे हेसूस हेही होते. १८६२ साली दोघांना एकाच दिवशी संतपद मिळाले. वसई आणि मेक्सिको या दोन जिंकलेल्या भूमींतली दोन मुले तिसऱ्याच भूमीवर एका रांगेत मरण पावली. त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती तलवार नव्हती. साम्राज्याच्या जहाजांतून जे जगभर गेले, त्यांतले नेमके काय टिकवायचे, याचे उत्तर त्या टेकडीवर आहे, असे आम्ही मानतो.

तेव्हा जखमेतून आलेल्या वारशाचे काय करावे? आमच्या मते तो मालमत्ता म्हणून न घेता ऋण म्हणून घ्यावा. मालमत्तेचा धनी फक्त सातबारा दाखवतो. ऋणको माणसाला कोणाचे किती देणे आहे ते माहीत असावे लागते. हे देणे पहिल्यांदा सत्याने फिटते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली बोलिव्हियात, अमेरिका जिंकण्याच्या काळात मूळ रहिवाशांवर झालेल्या अपराधांबद्दल क्षमा मागितली; २०२३ साली व्हॅटिकनने, नव्याने सापडलेल्या भूमीवर ख्रिस्ती राजांचा हक्क सांगणारा जुना सिद्धांत उघडपणे नाकारला. याने ख्रिस्तसभा दुबळी झाली नाही. दुसऱ्यांदा ते शोकाने फिटते. फ्रँक यांची २०२२ साली सान दिएगो येथे सादर झालेली ऑपेरा, ‘एल उल्तिमो सुएन्यो दे फ्रिदा ई दिएगो’, मेक्सिकोतील मृतांच्या दिवशी घडते. दिवंगत चित्रकार फ्रिदा कालो त्या दिवशी परलोकातून दिएगोला भेटायला येते. तो सण आपल्या २ नोव्हेंबरच्या स्मरणदिनाशी जुळलेला आहे. त्या दिवशी दफनभूमीत मेणबत्ती लावताना आपण आपल्याच मृतांची नावे घेतो. ज्यांचे देऊळ पाडले गेले, ज्यांना इन्क्विझिशनने गावाबाहेर काढले, तेही याच मातीतले आहेत. त्यांच्यासाठी एक मेणबत्ती लावण्यास कोणाची हरकत असावी?

शेवटी हे ऋण पुढच्या पिढीला देऊन फिटते. फ्रँक यांनी २०१७ साली कॅलिफोर्नियातील बूनव्हिल या लहान गावी तरुण संगीतकारांसाठी स्वतःच्या नावाची अकादमी काढली, जेथे वेगवेगळ्या समाजांतील मुले स्वतःचा आवाज शोधायला येतात. आपल्याकडे सामवेदी बोलणारी आजी आणि इंग्रजीच समजणारी नात एकाच घरात राहतात आणि लग्नाच्या हळदीची गाणी आता ध्वनिक्षेपकावरून वाजतात. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने आपली भाषा शिकून घेतली होती आणि व्हाइसरॉयच्या हुकमालाही आपली बोली मोडता आली नव्हती. ती आता कोणत्याही हुकमाशिवाय, आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांदेखत मावळते आहे. साम्पोन्याच्या जोडीतला दुसरा पावा आजीच्या हातात आहे. तिचा श्वास आहे तोवर नातीने शेजारी बसून आपले स्वर शिकून घ्यावेत, एवढीच विनंती.